अंगणातली बोर

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'घरची फळबाग' या विषयावर बोलायला सांगितलं. बाग म्हणजे काय, तर माझ्या अंगणात एक बोर आहे आणि उकिरड्याच्या कडेला एक तुती. तरी उभी राहिले. कारण गावाचं नावच बोरी, आणि तिथं शिकलेल्या आपल्यापैकी बोर छाटलेले किती निघतील? दगड मात्र सगळ्यांनी मारलेत. मागच्या रांगेतल्यांनी तर शाळा बुडवून मारलेत.

आमची बोर अण्णांची. १९७२ साली दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ झालं. त्यानंतर काही वर्षांनी अण्णांनी परभणीहून ओल्या फडक्यात गुंडाळून उमराणची डोळकाडी आणली आणि अंगणातल्या गावठी बोरीवर डोळा भरला. उमराण तुम्ही खाल्लीय. लांबट, सोनेरी पिवळी, जास्त पिकली की चॉकलेटी होते. संक्रांतीच्या सुगडात आणि पोरांच्या बोरन्हाणात आमच्या गल्लीला बोरं आमच्याच घरची असायची.

अण्णा गेले. आम्ही भावंडं पुण्या-मुंबईला. मी निवृत्त होऊन आईजवळ राहायला आले, तेव्हा बोर घराच्या पत्र्यावर चढली होती. आत उजेड नाही, पानांवर भुरी, बोरं करवंदाएवढी, आंबट आणि निम्म्यात अळी. मी जळणवाल्याशी बोलूनही ठेवलं. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "वाळली तर वाळू दे. कुऱ्हाड लावायची असंल तर मी गेल्यावर लाव." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं अबोला धरला की घर किती मोठं वाटतं!

शेवटी आपल्याच वर्गातल्या एका मित्राला बोलावलं. तो इथं बसलाय, पण नाव घेऊ नको म्हणालाय. मे महिन्याचा पहिला आठवडा, झाडाची पानं गळालेली. त्यानं बुंध्याजवळ बसून माती झटकली आणि म्हणाला, "हे बघ, तुमची बोर बिघडली नाही, बदलली." डोळा भरलेल्या जागेची गाठ त्यानं दाखवली. गाठीच्या खालून गावठी खुंटाचे फुटवे निघाले होते, कुणी काढले नव्हते. तेच माजून झाड झाले होते. अण्णांच्या उमराणची एकच फांदी उरली होती, गोठ्याच्या बाजूला, सावलीत दबलेली.

गावठी फांद्या त्यानं बुडातून काढल्या आणि उमराणची फांदीही जवळजवळ अर्ध्यावर आणली. माझ्या पोटात गोळा आला. आई दारात बसून नुसती बघत होती. कापलेल्या जागांना बोर्डो पेस्ट लावली: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. एका झाडाला एवढी लागत नाही, त्याच मापानं थोडीच करावी.

आता एवढं कापूनही त्याच वर्षी फळ कसं येतं? बोरीला फूल येतं ते पावसाळ्यात फुटलेल्या नव्या फांदीवर. जुन्या लाकडाचा सोस धरला तर झाड नुसतं उंच होतं. माझा मुलगा इंग्लंडमध्ये आहे, त्याच्या घरामागे रासबेरी आहे. तिचा हिशेब वेगळा. तिथल्या नेहमीच्या जातीत कांडी पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. मग फळलेली कांडी जमिनीलगत कापायची आणि नवी ठेवायची. त्यानं पहिल्या वर्षी नव्याच कापून टाकल्या! म्हणून सांगते, कात्री हातात घेण्याआधी आपलं झाड कोणत्या लाकडावर फळतं ते विचारा. आपल्याकडे बोरीची छाटणी एप्रिल अखेर ते मेच्या मध्यापर्यंत उरकावी.

अळीसाठी फवारणीआधी झाडू घ्या. गळालेली किडकी बोरं रोज वेचून नष्ट करायची आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती खणून उन्हाला द्यायची, कारण फळमाशीचे कोष तिथंच असतात. भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक.

जूनमध्ये हातभर फुटवे आले, सप्टेंबरात फूल. जानेवारीत बोरं निघाली, फार नाहीत, एक सूप भरलं असेल. आईला दात नाहीत आणि दिसतंही कमी. मी एक बोर ठेचून गर तिच्या तळहातावर दिला. तिनं तो तोंडात बराच वेळ घोळवला आणि म्हणाली, "गोठ्याकडची ना?" नंतर आठ-दहा बोरं पदरात घेऊन ती शेजारच्या नातवाला द्यायला निघाली.

ज्यांना डोळकाडी हवी त्यांनी जुलैत घरी या. त्याआधी मेमध्येच आपल्या बांधावरची गावठी बोर जमिनीपासून हातभर ठेवून कापा, म्हणजे डोळा भरायला पेन्सिलीएवढा फुटवा तयार असेल. ओलं गोणपाट तुमचं तुम्ही आणा. चाकू त्या मित्राचा आहे, तो तो कुणाला देत नाही, मलाही दिला नाही. आणि डोळा धरला की गाठीखालचा फुटवा दिसेल तेव्हा काढा, अगदी बोटाएवढा असला तरी.