कपाटाची किल्ली
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



ज्ञानाच्या महत्त्वावर मी बोलावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी कापडाचा व्यापारी. बी.कॉम.चा निकाल लागला त्याच आठवड्यात दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत उठलो नाही. विद्वत्तेचा अधिकार माझा नव्हे. परंतु आपल्या ट्रस्टच्या ग्रंथकपाटाची किल्ली अनेक वर्षे माझ्याकडे होती, त्या नात्याने चार शब्द बोलतो.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी साजरी करतो. आचार्य धरसेनांनी गिरनारच्या चंद्रगुफेत पुष्पदंत व भूतबली या मुनींना आपल्याजवळचे ज्ञान दिले आणि त्यातून षट्खंडागम लिपिबद्ध झाला, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. इ.स. 816 मध्ये वीरसेनाचार्यांनी त्यावरील धवला टीका पूर्ण केली. पुढची हकीकत मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

या ग्रंथाच्या ताडपत्री प्रती कर्नाटकात मूडबिद्रीच्या बसदीत राहिल्या. यात्रेकरू जात, त्यांचे दर्शन घेत आणि परत येत. दर्शन शेकडो वर्षे चालले, वाचन जवळजवळ थांबले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे मोत्यांचे व्यापारी शेठ माणिकचंद हिराचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना ताडपत्रांच्या जीर्णतेची चिंता वाटू लागली. 1896 मध्ये जुन्या कन्नड लिपीतून नकला उतरविण्यास प्रारंभ झाला आणि हे काम 1922 पर्यंत, म्हणजे तब्बल सव्वीस वर्षे चालले. नकला झाल्या तरी त्या बाहेर नेण्यास मोकळीक नव्हती. अखेर अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 मध्ये पहिला भाग छापून निघाला. एकूण सोळा भाग व्हायला आणखी सुमारे वीस वर्षे लागली. दान देणारे व्यापारी होते, हे आपल्या समाजाला भूषणावहच आहे. पण डोळे शिणविणारे लेखनिक आणि पंडित नसते, तर त्या पैशाने काय झाले असते?

त्या ग्रंथात काय आहे याचे एक उदाहरण माझ्या धंद्याच्या भाषेत देतो. चौसष्ट मीटरचा तागा निम्मा करा, पुन्हा निम्मा करा. सहाव्या खेपेस एक मीटर उरेल. म्हणून चौसष्टचे अर्धच्छेद सहा. शाळेत लॉगॅरिथमची कोष्टके आम्ही कंटाळून पाठ केली. दोन हा पाया घेतला तर ही तीच कल्पना! युरोपात नेपियरने आपली कोष्टके 1614 मध्ये प्रसिद्ध केली. अर्धच्छेदाचा हिशेब धवलेत त्याच्या आठशे वर्षे आधी आहे. अभिमान जरूर बाळगावा, पण मला हे समजले वयाच्या साठीनंतर, आणि तेही शरमेपोटी वाचायला बसलो म्हणून.

ती शरमेची गोष्ट आता सांगितलीच पाहिजे. धवलेचे भाग आपल्याही कपाटात आहेत. श्रुतपंचमीला कपाट उघडायचे, धूळ झटकायची, नवी वेष्टने बांधायची, पूजा करायची आणि कुलूप लावायचे, हा आपला परिपाठ. वेष्टनांचे केशरी कापड दरवर्षी आमच्याच दुकानातून येई आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. आपल्यातीलच एका सभासदाची कन्या प्राकृत घेऊन एम.ए. करीत होती. ती पुस्तकासाठी तीनदा आली. तिन्ही वेळा मी खरेदीसाठी सुरतेला, आणि किल्ली माझ्या खिशात. चौथ्यांदा ती आली नाही. तिने विषय बदलला, हे मला पुष्कळ वर्षांनी तिच्या वडिलांकडून कळले. त्यांनी दोष दिला नाही, हसून सांगितले. घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी कपाट उघडले. सहाव्या भागाची पाने कडेला जोडलेलीच होती. छापल्यापासून ती कोणी कापलीच नव्हती.

विश्वस्तांच्या संमतीने गेल्या महिन्यापासून किल्ली कार्यालयातील खुंटीवर आहे. सायंकाळी पाच ते सात कपाट उघडे असते. नोंदवहीत आजवर तीन नावे आहेत, त्यातले एक माझ्या नातवाचे, आणि तेही मी आग्रह केला म्हणून. त्या मुलीला मी पत्र लिहिले आहे. उत्तर यायचे आहे. सहाव्या भागाची पाने मी स्वतः पट्टीने कापली असून तो भाग सध्या माझ्याकडे आहे. कोणास हवा असल्यास सांगावे, त्याच दिवशी परत करीन.

जय जिनेंद्र.