गाडीतला पिवळा दिवा आणि आपण

(औंढा नागनाथ इथं बचत गटांतल्या बाया, आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्या व संघटनेच्या मैत्रिणी यांच्या बैठकीत केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आज मी पोटगीवर बोलणार नाही, पंचायतीतल्या आरक्षणावरही नाही. गाडीतल्या एका दिव्यावर बोलणार आहे. हसताय ना? हसा. पण तुमच्यातल्या कितीतरी जणी आज स्कूटीवर आल्या आहेत. त्या स्कूटीतही हा दिवा आहे. किल्ली फिरवली की इंजिनाच्या आकाराचं पिवळं चित्र लागतं आणि गाडी सुरू झाली की विझतं. कधीतरी ते विझत नाही. तेव्हा काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आमच्या संघटनेनं वर्गणी काढून एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. चालवते मी. चाळिशी उलटल्यावर शिकले. ही गाडी फिरायला नाही. रात्री-अपरात्री कुणा बाईला घराबाहेर काढलं तर तिला माहेरी पोचवायचं, सरकारी दवाखान्यात न्यायचं, तारखेला कोर्टात हजर करायचं, यासाठी ती आहे.

पावसाळा संपत आला होता. वसमतहून औंढ्याकडे येत होते. मागच्या सीटवर एक बाई आणि तिचं लेकरू. मध्येच तो पिवळा दिवा लागला. गाडी नीट चालत होती, तापली नव्हती, आवाज नव्हता. पण माझे हात थंड पडले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेले. सोबत एका मैत्रिणीचा दहावीतला मुलगा होता. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं पाहिलं, आणि बोलायला लागला तो त्या पोराशी! पोराला सायकलशिवाय काही चालवता येत नाही. "टाकीचा सगळा सेट बदलावा लागेल, कॉम्प्युटरही गेला असेल. वीस-बावीस हजार धरून चाला." मी विचारलं, नेमकं बिघडलंय काय? "ताई, तुम्हाला सांगून काय कळणार? तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. पेट घेईल."

त्या शेवटच्या वाक्यानं आम्ही गारठलो. वीस हजार नव्हते. गाडी अकरा दिवस दारात उभी राहिली. सातव्या रात्री एका वस्तीवरून फोन आला. नवऱ्यानं मारून बाहेर काढलंय, न्यायला या. आम्ही सांगितलं, गाडी बंद आहे, सकाळी बघू. ती सकाळी पहिल्या एसटीनं आली. हाताचं हाड मोडलेलं. रात्रभर गोठ्यात बसून होती. माझ्या हिशोबात ती रात्र अजून जमा आहे.

बाराव्या दिवशी आमच्या एका कार्यकर्तीची मुलगी घरी आली. ती आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स करते. तिच्याकडे काडेपेटीएवढं एक यंत्र होतं. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, त्यात ते बसवलं आणि मोबाईलवर आकडा आला: पी ०४४४. तिनं आधी तो वहीत लिहून घेतला. मग बॉनेट उघडून एका पाइपचा माग काढत गेली आणि म्हणाली, "मावशी, इथं बघा." बोटभर लांबीची वायर उंदरानं कुरतडली होती. बाजारातल्या वायरमननं ती जोडून दिली. दीडशे रुपये घेतले. दिवा विझला, तो परत लागला नाही.

मग मी त्या पोरीला बसवून घेतलं आणि म्हटलं, आता मला सगळं सांग. तिनं जे सांगितलं आणि नंतर मी जे शोधून वाचलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

पेट्रोल उघडं ठेवलं की उडून जातं, हे आपल्याला ठाऊक आहे. टाकीतही ते सारखं वाफ होत असतं, आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर फारच. पूर्वी ही वाफ सरळ हवेत जायची. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर धुरकट, डोळे चुरचुरवणारी हवा साचायची. १९५०च्या सुमारास हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की पेट्रोलसारख्या इंधनाच्या वाफा आणि धुरातले वायू यांच्यावर ऊन पडलं की हे विष तयार होतं. म्हणजे बंद उभी असलेली गाडीही हवा बिघडवते. पुढे १९७० साली कॅलिफोर्नियात आणि १९७१ साली सगळ्या अमेरिकेत टाकीची वाफ अडवणं नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. आपल्याकडे स्कूटी-मोटारसायकलींना हा नियम २०१७ मध्ये बीएस-चारबरोबर आला.

ही वाफ अडवतात कशी? टाकीपासून एक पाइप निघून एका डब्यात जातो. त्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यात कोळसा असतो, पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तसा. गाडी उभी असताना कोळसा वाफ धरून ठेवतो. गाडी चालू होऊन तापली की कॉम्प्युटर एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, त्याला पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळतं. म्हणजे वाया जाणारं पेट्रोल कामी येतं. चुलीवरच्या भांड्याला झाकण घालून वाफ राखावी, त्यातलाच प्रकार.

यात बिघाड कुठं होतो? टाकीच्या झाकणाचं रबर कडक होतं किंवा झाकण नीट लागत नाही. पाइपला चीर जाते. उंदीर कुरतडतो. व्हॉल्व्ह उघडाच राहतो, मग पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही, उभी असताना धडधडते. कॅनिस्टरला हवा घेणारी नळी मातीनं किंवा किड्याच्या घरानं बुजते. कोळी तर असा, की २०११ साली मझदा कंपनीला अमेरिकेतल्या ५० हजारांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पेट्रोलच्या वासानं ओढले जाऊन कोळी त्या नळीत जाळं विणत होते!

मोबाईलवर व्हिडिओ पाहाल तर बहुतेक जण सांगतात, दिवा लागला की टाकीचं झाकण घट्ट करा. ते अमेरिकेतल्या गाड्यांचं आहे. तिथल्या गाड्या स्वतःची नळी बंद करून सुईच्या टोकाएवढी गळतीसुद्धा शोधतात. त्याचे आकडे पी ०४५५, पी ०४५६ असे असतात आणि झाकण सैल असेल तर पी ०४५७. आपल्याकडचा नियम युरोपाच्या वळणाचा आहे. त्यात या व्हॉल्व्हची वायर जोडलेली आहे की नाही एवढं तपासणं सक्तीचं आहे. म्हणून आपल्या गाडीत पी ०४४३, पी ०४४४, पी ०४४५ हे वायरीचे आणि व्हॉल्व्हचे आकडे दिसण्याचा संभव जास्त. झाकण जरूर बघा, फुकटचं काम आहे. पण त्यानं दिवा विझला नाही म्हणून घाबरू नका. डिझेलच्या जीपला हे काहीच लागू नाही, डिझेल असं उडत नाही. तिथं दिवा लागला तर कारण वेगळं.

गळती शोधणं सोपं नसतं, हे औंढ्याच्या बायांना वेगळं सांगायला नको. इथं दुधाळ्याच्या शिवारात लायगोची प्रयोगशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि त्यांतली हवा जवळपास पूर्ण काढून टाकायची. तिथले शास्त्रज्ञही शेवटी हेच करणार, कुठून हवा शिरते ते एकेक सांधा तपासून बघणार. आपली नळी दोन-चार हातांची आहे. ती आपल्याला तपासता येणार नाही, असं कुणी म्हणू नये.

आता कामाचं बोलू. लिहून घ्या.

पहिलं, रंग बघा. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी तिथंच थांबवा. इंजिनाचा पिवळा दिवा उघडमीट करत असेल तर वेग कमी करा, बाजूला घ्या आणि ओढत न्यायची व्यवस्था करा. पिवळा दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल, वास नसेल, तर घरी पोचता येतं. दोन-चार दिवसांत आकडा वाचून घ्या.

दुसरं, वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल, खाली थेंब पडत असतील, तर गाडी चालू करू नका आणि जवळ विडी-काडी येऊ देऊ नका. "पेट घेईल" हे तेव्हा खरं असतं. आमच्या गाडीला वास नव्हता, थेंब नव्हता. पण हा फरक आम्हाला कुणी सांगितला नव्हता. वासाची दुसरीही बाजू आहे. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, त्यानं रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पंपावर आता आपल्याच मुली उभ्या असतात. वाफ अडवण्याचा प्रश्न त्यांच्याही आरोग्याचा आहे. पीयूसीच्या कागदावर विसंबू नका. तिथं नळकांड्यातला धूर मोजतात, टाकीची वाफ नाही.

तिसरं, टाकी गळ्यापर्यंत भरू नका. पंपाची नळी आपोआप बंद झाली की पुरे. वरून ओतून भरलं की पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि कोळसा निकामी होतो.

चौथं, आधी आकडा लिहून घ्या, मग दिवा पुसा. काही जण यंत्रानं नुसता दिवा विझवून पैसे घेतात. पंचनामा न करता जागा धुऊन टाकण्यासारखं आहे ते. चार दिवसांनी दिवा परत लागतो. आकडा म्हणजेही निकाल नव्हे, कुठं बघायचं ते तो सांगतो. पी ०४४४ म्हणजे "व्हॉल्व्ह बदला" असं नाही. व्हॉल्व्हपर्यंत वीज का पोचत नाही ते बघा, असा त्याचा अर्थ.

पाचवं, गॅरेजात तीन गोष्टी मागा. आकडा कागदावर, काढलेला जुना भाग हातात, आणि पक्कं बिल. न भांडता मागा, पण घेतल्याशिवाय उठू नका.

हे सांगताना मला सारखी दुसरी एक गोष्ट आठवते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं गाजली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला तपासणीआधीच "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगितल्याचे अनुभव त्यात पुढे आले. बाईचं शरीर आणि गाडी यांची तुलना होत नाही, ते मला कळतं. गाडीचा भाग नवा मिळतो. पण घाबरवायची रीत मात्र तीच आहे. लक्षण छोटं, नाव अवघड, भीती मोठी आणि "तुम्हाला काय कळणार". आपल्या आरोग्य शिबिरांत आपण शरीराची चित्रं काढून शिकलो, ती या रितीला उत्तर म्हणून. मग बॉनेट उघडून शिकायला लाज कशाची?

सगळे मेकॅनिक लबाड असतात असं मी म्हणत नाही. दीडशे रुपयांत वायर जोडणारा वायरमनही पुरुषच होता, आणि त्यानं कुठं काय जोडलं ते मला दाखवलं. मला गाडीतलं सगळं येतं असंही नाही. पण काय विचारायचं, ते आता येतं.

हिंगोली जेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं, तेव्हाची गोष्ट. १९८८ साली शीला डावरे नावाची मुलगी परभणीहून १२ रुपये घेऊन पुण्याला गेली आणि तिथं रिक्षा चालवायला लागली. देशातली पहिली महिला रिक्षाचालक म्हणून तिची नोंद झाली. तेव्हा प्रश्न होता, बाईच्या हातात हँडल द्यायचं का. आज हँडल हातात आहे. आता प्रश्न हा, की गाडी बिघडली की निर्णय कोण घेणार.

आणि आपण बसलो आहोत तरी कुठं? याच गावात नामदेवांना देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करायला सांगितलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आपल्यासाठी गॅरेज फिरणार नाही. आपणच पुढे जाऊन उभं राहायचं आहे.

म्हणून एक मागणं आहे. संघटनेच्या पैशातून असं एक यंत्र घेऊ या. एका वायरीपायी आम्हाला सांगितले होते त्या वीस हजारांपुढे त्याची किंमत काहीच नाही. दर महिन्याला एका गटाकडे ते राहील, आणि एक वही सोबत. कुणाच्या गाडीत कोणता आकडा आला, काय निघालं, खर्च किती झाला, ते वहीत लिहायचं. वर्षभरात आपल्या भागाचं आपलं स्वतःचं पुस्तक तयार होईल. ती आयटीआयची मुलगी शिकवायला तयार आहे.

आता बाहेर चला. माझ्या गाडीचं बॉनेट उघडं ठेवलं आहे. ती जोडलेली वायर दाखवते.