आखूड टप्प्यावरील पहिला फटका

गोल्फच्या खेळांत प्रत्येक टप्प्याला, म्हणजे 'होल'ला, फटक्यांची एक संख्या ठरलेली असते. जेथें चार फटके अपेक्षित, तेथें दोहोंत चेंडू हिरवळीवर न्यावा आणि पुढील दोहोंत खळग्यांत घालावा, असा सामान्य हिशेब. परंतु यांतील कांहीं टप्पे इतके आखूड असतात कीं, बलवान् खेळाडू पहिल्याच फटक्यांत हिरवळ गांठूं शकतो. मोह पडतो तो येथेंच.

अमेरिकेंत डेन्व्हरनजीक चेरी हिल्सच्या मैदानाचा पहिला टप्पा १९६० सालीं ३४६ यार्डांचा होता. त्या वर्षींच्या यू. एस. ओपन स्पर्धेंत आर्नोल्ड पामरनें पहिल्या फेरींत सरळ हिरवळीवरच नेम धरला. चेंडू ओढ्यांत गेला आणि सहा फटके पडले. शेवटच्या फेरीच्या आरंभीं तो सात फटक्यांनीं मागें होता. त्यानें पुन्हां तेंच धाडस केलें. या वेळीं चेंडू हिरवळीवर पोंचला व तिसऱ्या फटक्यास खळग्यांत गेला. ती फेरी ६५ फटक्यांत पुरी करून तो विजयी झाला.

फटका तोच, परिस्थिति मात्र पालटली होती. आरंभीं राखावयाचें पुष्कळ असतें. मागें पडलेल्यास गमवावयाचें थोडें. म्हणून 'चेंडू पोंचेल काय?' एवढेंच विचारूं नये. 'न पोंचल्यास कोठें पडेल, आणि ती किंमत आज मला परवडेल काय?' हेंही विचारावें. परवडत नसेल, तर चेंडू अलीकडे मोकळ्या जागीं ठेवून दुसऱ्या फटक्यानें हिरवळ गांठावी. त्यांत भ्याडपणा नाहीं, हिशेब आहे.