जीपचें डिफरेन्शियल : कुलूप कीं लगाम ?

बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर सुटीं फिरतात; त्यामुळें वळणावर बाहेरचें चाक अधिक चाललें तरी आंतल्या चाकाची पंचाईत होत नाहीं. मोटारीची गोष्ट निराळी. तेथें ओढण्याचें काम चाकांनाच करावयाचें असतें. इंजिनाची शक्ति दोन्ही चाकांस पोंचवावयाची, आणि शिवाय वळणावर त्यांस कमीअधिक फिरूं द्यावयाचें, हें काम आंसाच्या मध्यावरील दांतेरी चाकांची पेटी करिते. हिलाच डिफरेन्शियल म्हणतात. ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच कारागिरानें 1830 पूर्वींच वाफेच्या गाडीसाठीं ही युक्ति योजिली होती.

सडकेवर ही पेटी निर्दोष आहे. तिचें व्यंग उघडें पडतें तें पावसाळ्यांत. समजा, भातखाचरालगतच्या वाटेवर जीपचें मागलें डावें चाक चिखलांत गेलें व उजवें मुरमावर राहिलें. साधें डिफरेन्शियल दोन्ही चाकांस सारखाच जोर देतें. चिखलांतल्या चाकास गरगर फिरण्यास जेवढा अल्प जोर पुरतो, तेवढाच मुरमावरच्या चाकाच्या वांट्यास येतो. मग डावें चाक चिखल उडवीत राहतें, उजवें ढिम्म हलत नाहीं, आणि चालक अॅक्सिलरेटर दाबून खड्डा मात्र खोल करितो. चारी चाकें ओढणाऱ्या गाडींतहि पुढचें एक व मागचें एक चाक निसटलें कीं हीच गत होते.

यावर पहिला उपाय 'लिमिटेड स्लिप' डिफरेन्शियलचा. हें चाकांमधील फरकास लगाम घालतें. एका जातींत घर्षणाच्या चकत्या असतात. त्या कालांतरानें झिजतात व त्यांस विशिष्ट ऑइल लागतें. दुसऱ्या जातींत मळसूत्री दांत्यांचीं चाकें असतात; 'टॉर्सन' हें त्यांतलेंच. निसटत्या चाकास जेवढा जोर लागतो, त्याच्या कांहीं पट, समजा तिप्पट, जोर तें दुसऱ्या चाकास देऊं शकतें. पण मेख येथेंच आहे. एक चाक अधांतरीं लोंबकळलें, कीं तेथें प्रतिकार शून्य. आणि शून्याची तिप्पट शून्यच. अशा वेळीं ब्रेक हलकेच दाबून चाकास खोटा प्रतिकार निर्माण करणें हा जाणत्या चालकाचा तोडगा होय.

दुसरा उपाय कुलपाचा. हवेच्या दाबानें, विजेनें वा दोरीच्या खटक्यानें दोन्ही चाकें जणूं एकाच दांड्याचीं होतात, आणि ज्या चाकास पकड असेल त्यास हवा तेवढा जोर मिळतो. अर्थात् तो सर्व भार त्या एका बाजूच्या शाफ्टवर पडतो. शाफ्ट नाजूक असेल तर तो तुटतो. पक्क्या रस्त्यावर कुलूप तसेंच राहिलें तर टायर घासतात, आणि पुढच्या आंसाचें कुलूप लागलें असतां सुकाणूं जड होतें.

सर्वांत मोठें भय आडव्या उतारावर आहे. साध्या पेटींत एक चाक निसटलें तरी न फिरणारें दुसरें चाक जमीन धरून असतें. कुलूप लागलेलें असलें तर दोन्ही चाकें एकदम निसटून गाडीचा मागला भाग दरीकडे घसरूं शकतो. विक्रेता हें क्वचितच सांगतो. घेणारानें मात्र तें आधीं विचारावें.

नाशिक येथें तयार होणाऱ्या 2020 च्या 'थार'च्या कांहीं प्रकारांत मागचें कुलूप आपोआप लागणारें होतें. 'गुरखा' गाडींत मात्र पुढचें व मागचें अशीं दोन्ही कुलुपें चालकाच्या हातीं दिलेलीं आहेत. निसरड्या घाटानें आपोआप लागणाऱ्या कुलपासह जाणारानें विशेष जपावें.

ज्याचा नऊ हिस्से प्रवास डांबरी सडकेवर व एक हिस्सा ओल्या मुरमावर, त्यास लगाम पुरे. ज्यास ओढ्यांतले धोंडे ओलांडावे लागतात व ज्याचें चाक वारंवार उचललें जातें, त्यानें हातीं असणारें कुलूप घ्यावें, आणि तें प्रथम मागच्या आंसास बसवावें. मात्र गुळगुळीत झालेल्या टायरांवर कुलूप बसविणें म्हणजे पैशाचा चुराडा. आधीं टायर बदलावे. कुलूप चिखलांत शिरण्यापूर्वीं, चाकें गरगरत नसतांना लावावें. आणि कोरड्या जमिनीवर येतांच तें सुटलें कीं नाहीं, हें समोरच्या दिव्यावरून पाहूनच वळण घ्यावें.