गव्हर्नर आणि अर्थमंत्री

श्रोतेहो, मुनिरक्यातील आपणा मराठी मंडळींना चिंतामणराव देशमुखांचा परिचय करून द्यावयास नको. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९३४ च्या कायद्यान्वये गव्हर्नरची नेमणूक केंद्र सरकार करते. मुदत फार तर पाच वर्षांची, पुनर्नियुक्ती सरकारच्याच मर्जीची, आणि पदावरून दूर करण्याचा अधिकारही सरकारचाच. बँकेस आदेश देण्यापूर्वी गव्हर्नरशी विचारविनिमय करावा, एवढेच बंधन कलम ७ सरकारवर घालते.

हे बंधन किती बळकट? १९५० ते १९५६ देशमुख स्वतः अर्थमंत्री होते. गव्हर्नरची अडचण त्यांनी अनुभवलेली होती. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला आणि टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले. सरकारने हुंड्यांवरील मुद्रांकशुल्क वाढविले. वरकरणी हा कर. परंतु त्यामुळे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून मिळणारे कर्ज महागले. मग व्याजाचा दर ठरवावयाचा कोणी? गव्हर्नर बेनेगल रामराव यांनी हरकत घेतली. पंतप्रधान नेहरूंनी मंत्र्यांची बाजू उचलून धरली. साडेसात वर्षे त्या पदावर काढलेल्या रामरावांनी जानेवारी १९५७ मध्ये राजीनामा दिला. कायद्याचे एकही कलम मात्र मोडले गेले नव्हते.