ऑइलमध्ये कूलंट उतरलं तर

घाट चढताना गाडी तापली, थंड झाल्यावर तुम्ही डिपस्टिक ओढून पाहिली आणि काळ्या ऑइलऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी पट्टीला चिकटून आलं, तर कृपा करून चावी फिरवू नका. घर दोन किलोमीटरवर असलं तरी नाही. गाडी टो करूनच न्या.

असं का? क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा केसाहूनही पातळ थर असतो, त्यावरच सगळा भार तोललेला. कूलंटमधलं पाणी आणि ग्लायकॉल मिसळलं की तो थर तुटतो, धातूवर धातू घासतो. नुसती उभी ठेवलेली गाडीही आतून गंजते, म्हणून दुरुस्ती लांबवू नका.

मात्र फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला, तर घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो साध्या दमटपणानेही येतो. डिपस्टिक स्वच्छ आहे का, कूलंटची पातळी घटतेय का, ते पाहा.

दोष बहुधा हेड गॅस्केटमध्ये, ऑइल कूलरमध्ये किंवा तडकलेल्या हेडमध्ये असतो. तो आधी काढायचा. मग ऑइल आणि फिल्टर बदलून इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि तेही ऑइल, फिल्टरसकट, काढून टाकायचं. पुन्हा दुधाळ आलं तर पुन्हा. इथे पैसे वाचवू नका, बेअरिंगचं काम त्याहून कितीतरी महाग पडतं.

आणि काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि जिवाला मुकतात.