मेंदी कुणाची?

आज मी तुमच्याशी मेंदीच्या एका कुंपणाबद्दल बोलणार आहे. विषय तसा लहान. पण असल्या लहान विषयापायी शेजारी वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलेनासे झालेले तुम्हीही पाहिले असतील. आमच्याकडे हा अबोला सहा महिने चालला.

आमचं घर तालुक्याच्या गावी. प्लॉट घेतला तेव्हा माझे वडील आणि शेजारचे काका, दोघांनी मिळून दोरी बांधली आणि पहिल्या पावसात मेंदीच्या काड्या लावल्या. पुढं दरवर्षी दोघं आपापली बाजू कातरत. शेंडे ज्याला वेळ असेल तो छाटी. वडील गेले, मग काकाही गेले. काही वर्षं मेंदीला कात्री लागली नाही. ती डोक्याच्या वर गेली, बुडाशी पालापाचोळा साचला आणि एके दिवशी तिथून साप निघाला. काकू म्हणाल्या, ‘‘अरे, तुमची मेंदी तेवढी छाटून घे रे.’’ मी म्हणालो, ‘‘काकू, मेंदी तर तुमची ना?’’ त्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही.

मग मी माहिती घेऊ लागलो. साधा नियम असा, की ज्याच्या जमिनीत खोड, त्याचं झाड आणि त्याचीच निगा. म्हणजे मेंदी कुणाची, याआधी हद्द कुठं, हे पाहायला हवं. सातबारा उताऱ्यावर मालकाचं नाव आणि क्षेत्र असतं. पण हद्द जमिनीवर नेमकी कुठून जाते, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करावा लागतो. फी भरायची, लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते.

अर्ज देण्याआधी मी काकूंकडे गेलो. नोटीस हातात पडल्यावर त्यांना कळावं, हे मला बरं वाटेना. म्हटलं, ‘‘फी मी भरतो. मोजणीच्या दिवशी तुम्ही मात्र उभ्या राहा.’’ त्या नुसत्या ‘बरं’ म्हणाल्या.

मोजणीत निघालं ते गमतीचं होतं. दोरीच तिरकी बांधली गेली होती! रस्त्याकडची मेंदी आमच्या जमिनीत आणि विहिरीकडची काकूंच्या. दोघंही निम्मे बरोबर आणि निम्मे चूक.

एका परिचितानं सल्ला दिला, ‘‘बारा वर्षं कधीच उलटली. विहिरीकडची पट्टी आता तुमचीच.’’ हा समज सगळीकडे आहे. १९६३ च्या मुदत कायद्यात बारा वर्षांची मुदत आहे हे खरं. पण नुसता ताबा पुरत नाही. तो उघड आणि मूळ मालकाचा हक्क नाकारून असावा लागतो. दोन शेजाऱ्यांनी गुण्यागोविंदानं लावलेल्या मेंदीला हे कसं लागू व्हावं? आणि काकांनी ज्या विश्वासानं दोरीचं दुसरं टोक धरलं, त्याच विश्वासावर त्यांच्या बायकोची जागा मागायची?

फांद्यांचंही सांगतो. शेजारच्या फांद्या आपल्याकडे आल्या, तर आपल्या हद्दीपर्यंतच, आपल्या बाजूला उभं राहून छाटाव्यात. पलीकडे जायचं तर विचारून. आणि आपल्याकडे लोंबणाऱ्या फांदीचं फळसुद्धा झाडाच्या मालकाचं. कुंपणात मोठं झाड असेल, तर शहरांत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नये. शेताच्या बांधावर हद्दीच्या खुणा असतात. त्या नीट राखण्याची जबाबदारी १९६६ च्या जमीन महसूल संहितेनं धारकावरच टाकली आहे.

शेवटी आम्ही एका कागदावर लिहून काढलं. रस्त्याकडचा भाग माझा, विहिरीकडचा काकूंचा. उंची छातीइतकी. छाटणी दरवर्षी दिवाळीआधी, एकाच माळ्याकडून, मजुरी निम्मी निम्मी. मेंदी काढून भिंत घालायची झाली, तर आधी दुसऱ्याला विचारायचं. खाली दोघांच्या सह्या आणि सोबत मोजणीच्या नकाशाची प्रत. अशा कागदानं जमिनीची मालकी बदलत नाही, हे लक्षात ठेवा. पट्ट्यांची अदलाबदल करायची असेल, तर नोंदणीकृत दस्तच हवा. पण आमची मुलं उद्या ‘मेंदी कुणाची’ म्हणून भांडणार नाहीत, एवढं काम तो कागद नक्की करील.

तेव्हा तुमच्याही घराला असं कुंपण असेल, तर ज्यांनी ते लावलं ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या आणि लिहून ठेवा. आमच्याकडे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

माळी पहिल्यांदा आला तेव्हा काकू ओट्यावर बसून होत्या. छाटणी झाली आणि कित्येक वर्षांनी त्यांचं अंगण आमच्या अंगणातून दिसलं. त्या म्हणाल्या, ‘‘चहा टाकलाय, ये. आणि तिलाही घेऊन ये.’’

(रेडिओवरील भाषण, संपादित)